विषय : पायऱ्यांवरील हसण्याबाबत

६ एप्रिल, सोमवार
बाग उघडली एकदाची. सकाळपासून लाउडस्पीकर. गिरणीच्या मागं इतकी वर्षं बाभळी नि उकिरडा होता, तिथं आता प्लास्टिकची हिरवळ, फायबरचा जिराफ आणि गाण्यावर नाचणारं कारंजं. आमच्या नळाला पाणी पाच दिवसांआड, कारंजं मात्र रोज. घरात नाही दाणा अन् हवालदार म्हणा.
आज पाण्याचा दिवस. दीडला आलं, करंगळीएवढी धार. सौ.नं सगळी पिंपं भरली.
तिला सांगितलं, आपल्या घरातल्या कुणी तिकडं पाय ठेवायचा नाही. "बरं," म्हणाली. हल्ली एवढंच म्हणते.

८ एप्रिल
तरी स्वतः बघून आलो. शिव्या द्यायच्या तर माहिती पाहिजे. फाटकावर पाटी : "हिरवळीवर चालु नये." चालू दीर्घ, हे पाचवीतल्या पोराला येतं. अडतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, माझ्या हातून असलं एक पत्र बाहेर गेलं नाही.
आणि जिराफ! माळढोक पक्षी आपला, हाताशी नान्नजच्या अभयारण्यात, तो नाही. सोलापुरात जिराफ कुणाच्या आज्यानं बघितला होता? रखवालदाराला विचारलं. "सायेब, लोकं फोटू काढत्यात की." झालं. मिळालं उत्तर.
मधोमध अर्धगोल पायऱ्या. नाटकासाठी म्हणे. नाटक कोण करणार, जिराफ?

११ एप्रिल, शनि.
जुळे सोलापुरातली, त्या नव्या वस्तीतली मंडळी चालायला येतात, चारचाकीतून. गाडी आमच्या फाटकाला आडवी लावायची, आत दोन फेऱ्या मारायच्या, बाहेर येऊन दोन प्लेट भेळ हाणायची. कोपऱ्यावरचा चहाचा गाडा हलवला, शोभा जाते म्हणून. त्या जागी कागदी कपातली कॉफी, पिऊन बघितली, काढा बरा. बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं बिल्डिंगचं नाव बदलायचं काढलंय. 'पार्क व्ह्यू'. जिन्यात पिचकाऱ्या, आणि म्हणे व्ह्यू.
लेकीचा पुण्याहून फोन. आईला म्हणते, इकडंच राहायला ये, कायमची. आधी सौ. स्पष्ट नाही म्हणायची. आज "बघते" म्हणाली. मी निवृत्त होऊन घरात बसल्यापासून तिला घर खायला उठतं, असं लेकीला सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत होतो, बहिरा नाही. ही खरंच गेली तर... असो.

१५ एप्रिल
सौ. रोज साडेपाचला देवळात जाते. पुराण लागलंय. चांगलंय. पुण्याचा विषय बंद. काल भाकरी थापताना गुणगुणत होती. पुराणाचा गुण, दुसरं काय.
बागेत मात्र उच्छाद. सहा ते सात पायऱ्यांवर बायकांचं खिदळणं. एक कुणीतरी काहीतरी बोलते आणि मग वीस जणी फुटतात. गॅलरीत पेपर वाचवत नाही. घरी कामंधामं नाहीत काय यांना?
बाग ठेक्यानं चालवायला दिलीय, त्या ठेकेदाराच्या ऑफिसात अर्ज टाकला. विषय : पायऱ्यांवरील बेसुमार हसण्याबाबत. पोच घेतली.

२० एप्रिल
अर्जावर हूं की चूं नाही. अपेक्षित. ऊन मी म्हणतंय, प्लास्टिकच्या हिरवळीला वास सुटलाय. जिराफाचा एक कान मोडला.

२३ एप्रिल
पुराव्यासाठी मोबाइल घेऊन गेलो, आवाज रेकॉर्ड करायला. जिराफाच्या मागं उभा राहिलो. या वयात.
पायऱ्यांच्या मधोमध सौ.
चष्मा कपाळावर सरकवला. घसा दोनदा खाकरला. म्हणाली, "विषय : आमटीत मीठ कमी असल्याबाबत. वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मीठ कालही कमीच होते. सबब, स्वयंपाकघराने लेखी खुलासा करावा!" हुबेहूब माझा आवाज. बोट नाचवणंसुद्धा. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मागच्या चाळीतली पद्मा, तिच्या घरी टॉवेलचे माग आहेत, ती डोळे पुसत ओरडली, "वैनी, आता पाण्याचं करा की, पाण्याचं!"
हिनं पाण्याचं केलं. मग स्वतःच हसली. तोंडावर पदर न धरता, मान मागं टाकून.
इतके दिवस गॅलरीत तेच हसणं ऐकत होतो. आपल्या बायकोचं आहे, हे ओळखू आलं नाही.
सातला घरी आली. विचारलं, "पुराण कसं झालं?" "छान झालं."

२४ एप्रिल
डोकं भणभणतंय. माझी अब्रू चव्हाट्यावर, तीही मिठावरून! ज्याच्या सहीशिवाय शाळेत खडूची पेटी मिळत नव्हती, त्याची ही टिंगल. पद्माला पुढं बसवून!
अर्ज मागं घ्यावा, असं एकदा मनात आलं होतं. घेतला नाही. दुपारी स्मरणपत्र दिलं. 'बेसुमार'खाली लाल शाईनं दोन रेघा.

२८ एप्रिल
पायऱ्यांना साखळी! पाटीसुद्धा : "सायंकाळी पाच नंतर पायऱ्यावर बसण्यास मनाई." अनुस्वार खाल्लाच शेवटी. पण जन्मात पहिल्यांदा माझ्या अर्जाची कुणी दखल घेतली. पेढे आणावेसे वाटले. कुणाला द्यायचे, कळेना.
सौ. साडेपाचला गेली, पावणेसहाला परत. "पुराण संपलं," म्हणाली. मेथी निवडत बसली, भिंतीकडं तोंड करून.

२ मे
घरात पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते. आधीही येत असेल.
पद्मा दारात आली होती. "वैनी, तुमच्याबिगर करमत नाही की ओ. माझ्या घरी या, तिथं बसू."
सौ. म्हणाली, "तुझ्याकडं मागाच्या खडखडाटात काय ऐकू येणार गं? आणि माझ्याकडं..." मी पेपर वर धरला.
संध्याकाळी लेकीला फोन केला हिनं. ७ तारखेचं सकाळच्या गाडीचं तिकीट. परतीचं काढलेलं नाही. किती दिवसांसाठी, विचारलं. "बघते."

५ मे
ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. पायऱ्या उघडा म्हटलं. क्लार्क बघतच राहिला. "काका, बंद करा म्हणून मागं लागलेले तुम्हीच की. स्मरणपत्र देणारा आख्ख्या शहरात एक निघाला. आता उघडायचं तर लेखी कारण द्या, सबळ."
कागद मागून घेतला. विषय लिहिला. कारण लिहिता येईना. मी! शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत ज्यानं लोकांना कारणं लिहून दिली. तासभर बसून कोरा कागद खिशात घालून आलो. लाज वाटली. भीतीही वाटली, खोटं कशाला लिहू. ही गेल्यावर या घरात मला 'बरं' म्हणणारंही कुणी नाही.

६ मे
बॅग भरून झाली तिची. सांगून टाकलं, "तो अर्ज माझा होता."
"माहीत आहे. साखळी लागली त्याच दिवशी रखवालदारानं त्याची प्रत दाखवली. 'बेसुमार हसणे' असं या गावात दुसरं कोण लिहिणार?"
वर ही शांत. मी म्हटलं, "मिठाचं, पाण्याचं, सगळं त्या बायकांना सांगायचं. मला कधी बोलली का नाहीस?"
"बोलायचे की. तुम्ही वाक्य सुधारून द्यायचा."
मग विचारलं, "परत कधी?"
बॅगेची चेन ओढत म्हणाली, "पायऱ्या उघडल्या की कळवा. फोन करा, अर्ज नको."
उद्या सकाळी साडेपाचची रिक्षा सांगितलीय. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. खाली साखळीच्या अलीकडं सात-आठ जणी उभ्या आहेत, बसायला जागा नाही. कारंजं सुरू झालं, तेच गाणं, रोजचंच. ती आत डबा भरतेय, वाटेत खायला. कालचा कागद पुढं घेतलाय.
कारण : माझी पत्नी तिथे हसते. घरी