मागच्या दोन चाकांबद्दल दाजींना

न्जाबिनी, मंगळवार

आदरणीय गिचुही दाजींना न्दिरांगूचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? ताईचा खोकला गेला का? (नैरोबीच्या धुरात तो जाणं कठीणच, पण विचारायची रीत आहे.) इकडे आम्ही सगळे देवाच्या दयेने धडधाकट आहोत, फक्त माझं लग्न मोडलं आहे.

तुम्ही मला गाडी विकलीत तेव्हा मी एकच विचारलं होतं, की आमच्याकडच्या चिखलात ही चढेल ना. तुम्ही म्हणालात, हिला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल आहे, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. वर खात्री पटावी म्हणून मागचं एक चाक जॅकवर उचललंत आणि मला फिरवायला लावलंत. ते तसूभर हललं नाही. "बघ, दुसऱ्याने कसं धरून ठेवलंय!" म्हणत तुम्ही माझी पाठ थोपटलीत. (हँडब्रेक ओढलेला होता, दाजी. तो ओढला की कुठल्याही भंगार गाडीचं मागचं चाक असंच हटून बसतं, हे मला आता कळलं.)

त्या भरवशावर आम्ही न्योकाबीला मागणी घालायला निघालो. मी, तीन वजनदार काका, एक बोकड आणि भोपळाभर मुराटिना दारू. रिवाजाप्रमाणे तिच्याकडच्या बायका फाटक अडवून गात होत्या, म्हणून ऐन चढावर थांबावं लागलं. फाटक उघडलं, मी गाडी दामटली, आणि डावं चाक जागच्या जागी भिरभिरायला लागलं. उजवं ढिम्म. बायका धक्का द्यायला धावल्या. डाव्या चाकामागे नेमकी न्योकाबीची आई. आपल्यात होणाऱ्या जावयाने सासूसमोर शिंकतानासुद्धा दहादा विचार करायचा, आणि मी त्या माउलीला डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने सारवून काढलं. काका ओरडत होते, "दाब, दाब!" मी दाबत होतो.

तिचा बाप मुथी जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. ट्रॅक्टरने आम्हाला अंगणात ओढून आणल्यावर त्याने चहा नाही, जॅक मागवला. मागची दोन्ही चाकं उचलली, गियर आणि हँडब्रेक सोडला आणि हाताने एक चाक पुढे फिरवलं. दुसरं मागे फिरलं. खरा माल असता तर दोन्ही एकाच दिशेला गेली असती, हे त्याने जमलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना नीट समजावून सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "ज्याला स्वतःची दोन चाकं कळेनात, तो बायको काय सांभाळणार?" काकासुद्धा हसले.

मग दारू ओतली गेली. बापाने लेकीला विचारलं, "पोरी, ही पिऊ का मी?" तिने हो म्हटलं की सोयरीक ठरली. ती आईच्या केसांतला चिखल काढत होती. "आज नको, बाबा," म्हणाली. दाजी, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फार लागलं. परतीच्या वाटेवर काकांनी ती सगळी मुराटिना संपवली आणि तुमच्या नावाने गाणी रचली. ती ताईच्या कानावर न गेलेली बरी.

तुमचा (ताईमुळेच) मेहुणा,
न्दिरांगू

ता. क. पैसे परत मागत नाही. तुम्ही देणार नाही, हे आईला ताईच्या लग्नाच्या वेळीच कळलं होतं.

ता. क. आणखी एक. काकू म्हणते, "आज नको" म्हणजे कधीच नको असं नाही. मला ती अजून हवी आहे. तेव्हा एक कृपा करा. नैवाशाचा किमेमिया नावाचा एक जण रविवारी ही गाडी बघायला येतोय. तुमच्याइतक्या शांत चेहऱ्याने खोटं बोलणं मला जमत नाही, म्हणून तुम्हीच या. पुढच्या आठवड्यात त्याला न्योकाबीच्या घरी मागणी घालायला जायचंय.