‘मी ऐकते’ असा बिल्ला लावणाऱ्या भाचीची हकीकत

मुलींचं वसतिगृह, अमरावती
मंगळवार, १८ सप्टेंबर २००७

ती. महादेवराव मामांले रागिणीचा वाकून नमस्कार.

इकडं मी ठीक आहे, निदान अंगानं तरी. तुमचा गुडघा कसा आहे, मामीचा खोकला गेला का, अन् कबरी गाय व्याली का, हे सगळं विचारून राहिली. तुमी उत्तर देणार नाही हे माहीत असून विचारून राहिली. मागच्या तीन पत्रांचं उत्तर म्हणून तुमचं एकच कार्ड आलं, त्यात ‘बरं’ एवढंच लिहिलं होतं, अन् ते पण मामीच्या अक्षरात. आमच्या आईचे तुमी सख्खे भाऊ कसे, हे मले आजवर समजलं नाही. ती बोलाले लागली का भाजीबाजारातले गिऱ्हाईक भाव कराचा विसरतात. मी आईवर गेली, म्हणूनच हे पत्र लिहाची पाळी आली.

मुद्दा आधीच सांगून टाकते, नाही तं तुमी अर्धं वाचून गोठ्यात जासान. आपल्या मामीचे चुलतभाऊ पंजाबराव, त्यांची शकुन आमच्याच हॉस्टेलात पहिल्या वर्षाले आहे. येत्या शनिवारी पंजाबराव तिले कायमचं घरी न्याले येऊन राहिले. तिले जाचं नाही, अन् हे सगळं माझ्या तोंडामुळं झालं. कसं झालं ते सांगते, पाणी पिऊन घ्या.

तं मागच्या साली पहिल्या वर्षाच्या पोरी दिवाळीले घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आमच्या एकट्या मजल्यावर नऊ खाटा रिकाम्या पडल्या. कर्जापायी गावाकडं शेतकऱ्यांचं काय चालू आहे ते तुमाले काय सांगू! पेपरवाले, टीव्हीवाले गाड्या भरभरून येऊन राहिले, सगळ्यांचे फोटो काढून राहिले, पण कॉलेज सुटलेल्या पोरीचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून औंदा कॉलेजनं ठरवलं का मोठ्या वर्गातल्या पोरींनी नव्या पोरींची सोबत कराची. याले ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात. (आमच्या मेसच्या आशाबाई ‘समजावणीवाली’ म्हणतात, मले तेच बरं वाटते.) मी नाव काहून दिलं? सेवेसाठी नाही, तुमच्याशी खोटं कशाले बोलू. प्रशिक्षणाचे तीन दिवस तासाले सुट्टी, दुपारी पुरी-श्रीखंड, अन् शेवटी सर्टिफिकेट होतं.

शिकवाले पुण्याहून एक मॅडम आल्या. आवाज इतका हळू का आमाले खुर्च्या पुढं ओढा लागल्या. पहिल्या दिवशी ओळखीचा खेळ होता. लोकरीचा गुंडा जिच्याकडं येईल तिनं आपलं नाव अन् एक आवड सांगाची, अन् गुंडा पुढं फेकाचा. दहा मिनिटांचं काम. गुंडा माझ्याकडं आला, मी नाव सांगतलं, अन् फेकाच्या आधी समोरच्या पोरीले सहज विचारलं, ‘तू कुठली व?’ ती चांदूर रेल्वेची. चांदूरची कोणाची? मंग तिची मावशी अकोटात निघाली, मावशीचे दीर आपल्या नत्थुजीकाकांचे व्याही निघाले, अन् मंग काय, सगळ्याच पोरी एकमेकींचं नातं काढाले लागल्या. गुंडा तासभर माझ्या मांडीवर. मॅडम घडीघडी म्हणत होत्या, “इथे नाती नकोत, इथे फक्त आपण माणसं म्हणून भेटतोय.” आता तुमीच सांगा मामा, नातं काढल्याबिगर माणसाशी बोलाचं तरी कसं? आपल्याकडं एसटीत शेजारी बसला त्याचं गाव-आडनाव समजल्याशिवाय खिडकीतून बाहेर पाहवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऐकाची तालीम. नियम बरेच होते, माझ्या ध्यानात दोन राहिले. समोरचीले सल्ला द्याचा नाही, अन् ऐकलेलं चार भिंतींबाहेर न्याचं नाही. माझी जोडी अमरीनशी लागली. (मूर्तिजापूरच्या कुर्बानचाचांची पोरगी, ज्यांच्या दुकानातून तुमी केळी घेता ते.) तिनं रडणाऱ्या पोरीचं सोंग घेतलं, ‘ताई, मले घरची लय आठवण येते.’ मी घड्याळ पाह्यलं अन् म्हटलं, ‘पाचची अकोट गाडी आहे, जाऊन ये न मंग! रडते काहून?’ मॅडमनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या खेपेले मी ओठ दाताखाली धरले, फक्त ‘हं’ म्हणाचं ठरवलं. पण माझं ‘हं’ असं निघालं का अमरीन दचकून खुर्चीसकट मागं सरकली, बैलाले हाकलल्यावानी. तिसरी खेप मॅडमनं दिलीच नाही. संध्याकाळी अमरीननं निकाल लावला, “तू सुनती कम, सुनाती ज्यादा.”

शेवटच्या दिवशी मॅडमनं विचारलं, पहिल्या वर्षी घरी पळून जावं असं कोणाकोणाले वाटलं होतं? सगळ्यांचे हात वर. माझा एकटीचा खाली. मी उभी राहून सांगतलं का आमी अकोटवाले, आमच्या डोळ्याले पाणी येते ते मिरचीनं. लय टाळ्या पडल्या. मंग सर्टिफिकेट मिळालं अन् छातीवर लावाले एक बिल्ला, त्यावर लिहिलेलं, ‘मी ऐकते’. आपल्या घरच्या माणसांनी तो पाह्यला असता तं मॅडमवर फसवणुकीची तक्रार केली असती.

बिल्ला लावून पंधरा दिवस फिरली, पहिल्या वर्षाची एक पोरगी फिरकली नाही. आशाबाई मात्र रोज पोळ्या लाटता लाटता आपल्या सुनेबद्दल सांगत. (त्या बदल्यात मले तव्यावरची गरम पोळी मिळे. समाजसेवेचं फळ एवढंच.) मंग एका संध्याकाळी शकुन आली. आली म्हणजे दारात उभी राह्यली, हातात प्रॅक्टिकलची वही, वेणी घट्ट. अन् मी काय विचारलं? ‘कुठली व? कोणाची?’ अर्ध्या मिनिटात ती आपल्या मामीची भाची निघाली! मले असा आनंद झाला का मी तिले खाटेवर बसवलं, मुरमुरे दिले, मामीच्या लग्नातली सगळी भांडणं सांगतली. ती काय सांगाले आली होती ते विचाराचं राहूनच गेलं. मुरमुरे खाऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी पण तसंच. तिसऱ्या दिवशी सर्दीनं माझा घसा बसला, तोंडातून आवाज निघेना, तेव्हा त्या बिचारीले बोलाले जागा मिळाली.

जुलैपासून तिले वर्गातलं काहीच समजत नव्हतं. बारावीपर्यंत सर हातात इंग्रजी पुस्तक धरून मराठीत शिकवत. इथं सर फळ्याकडं तोंड करून इंग्रजी बोलतात, शेवटी ‘समजलं?’ विचारतात, सगळ्या मान हलवतात म्हणून ही पण हलवे. मंग तिनं तासाले जाणंच सोडलं. रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन अकोटच्या फलाटासमोर बसे. पाचची गाडी निघाली का उठून हॉस्टेलात येई. एकदा पण गाडीत चढली नाही. ‘ताई,’ म्हणे, ‘बाबानं सगळ्या गावाले सांगून ठेवलं का माझी पोरगी सायन्सले आहे. कोणाले सांगू नका.’ मी वचन दिलं, मामा. खरंखुरं दिलं होतं.

अन् मंग मी पोळ्याले घरी गेली. अकोटच्या स्टँडवर उतरली तं समोर शकुनची काकू, पार्वताबाई, डोक्यावर झेंडूचं टोपलं. म्हणे, ‘आमची शकुन कशी आहे व?’ ‘बरी आहे’ म्हणून पुढं जाता येत होतं. तुमी असते तं ‘बरं’ एवढ्यावरच भागलं असतं. पण मले वाटलं, आपली सोयरी, तिच्या जिवाले थोडा धीर द्यावा. मी म्हटलं, ‘काहीच काळजी करू नका काकू, आता पहिल्यावानी रडत नाही. स्टँडवर बसणं पण लय कमी झालं.’ धीर दिला मी! टोपलं तिरपं झालं, दोन-चार झेंडू खाली पडले, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घाईघाईनं म्हटलं, कोणाले सांगू नका. (आपल्याकडं याचा अर्थ ‘आता सांगाले सुरुवात करा’ असा होते.) गावात बैलं तोरणाखाली उभे राहेपर्यंत सगळ्यांले समजलं का पंजाबरावची पोरगी स्टँडवर बसते. दिवस बुडेपर्यंत लोकांच्या तोंडी ती तिथं कोणाची तरी वाट पाहाले लागली. अन् दुसऱ्या दिवशी करीले त्या ‘कोणाले’ मिशा पण फुटल्या होत्या.

गुरुवारी पंजाबरावचा हॉस्टेलच्या फोनवर फोन आला. ‘येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी रिकामी पेटी घेऊन येतो, सामान काढून ठेव,’ एवढं बोलून ठेवून दिला. शकुन माझ्या खोलीत आली. तिनं बिल्ल्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं, अन् निघून गेली. दोन थोबाडीत मारल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं. त्या दिवशी आशाबाईच्या गरम पोळीले पण मी गेली नाही. मी बिल्ला काढला अन् समजावणीवाल्यांचं काम पाहणाऱ्या कॉलेजातल्या मॅडमजवळ जमा कराले गेली, सगळं कबूल केलं. त्यांनी बिल्ला परत माझ्या हातात ठेवला. म्हणे, ‘आधी तिची माफी माग. अन् या वेळी नातं काढू नको.’

माफी मागतली. चार दिवस झाले, आमी तिघी रोज मेसच्या टेबलावर बसून राहिलो. अमरीनचे रोजे चालू आहेत, तरी इफ्तारीच्या खजुरा समोर ठेवून ती शकुनले रसायनशास्त्र समजावते, अर्धं हिंदीत, अर्धं आपल्या बोलीत. (मी समजावत नाही. त्या विषयात मले पस्तीस होते, ते पण सरांच्या दयेचे.) काल शकुन वर्गात उभी राह्यली अन् मराठीत म्हणे, ‘सर, हे समजलं नाही.’ सर थांबले. तेवढ्यात मागून आणखी सहा जणी म्हणाल्या, ‘आमाले पण नाही.’ सरांनी फळा पुसला अन् पहिल्यापासून मराठीत सुरुवात केली. शकुन चपला हातात घेऊन पळत पळत हॉस्टेलात आली अन् हे सांगतलं. मामा, मी ऐकलं! मधे एक शब्द बोलली नाही.

असो. लय लांबलं. मामीले नमस्कार, गुडघ्याले तेल लावत जा, कबरीच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमची तोंडाळ भाची,
रागिणी

ता. क. पत्र पोस्टात टाकलं नाही. रोज्यांच्या दिवसांत फळांले मागणी, म्हणून कुर्बानचाचा माल घ्याले इथं आले आहेत. उद्याच्या गाडीनं परत जाऊन ते दुकान उघडाच्या आधी तुमच्या हातात देतील. आता खरं काम सांगते. शुक्रवारी तुमी पंजाबरावकडं जा. ते तुमाले भाऊजी म्हणतात, घरच्या जवायाले दारातून कोणी परत लावत नाही. काही समजावू नका, सल्ला देऊ नका. नुसते जाऊन बसा. ते बोलतील. तुमी ‘हं’ म्हणा. तुमचं ‘हं’ चांगलं आहे.

ता. क. दुसरा. वर मिरचीचं लिहिलं ते साफ खोटं. दोन वर्षांआधी सतराव्या दिवशी मी पळून घरी आली होती, तुमाले माहीत आहे. आई दिवसभर बोलली, बाबा बोलले, शेजारचे येऊन बोलून गेले. मी वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. तुमी मूर्तिजापूरहून आले, माझ्या बाजूले बसून संध्याकाळपर्यंत वांगे तोडले. ‘पाणी आणू का?’ एवढंच एकदा विचारलं. सकाळी मले घेऊन सातच्या गाडीत बसले, अन् इथं हॉस्टेलसमोरच्या पुलियाच्या कठड्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून होते. खिडकीतून तुमची टोपी दिसे, म्हणून मी तासाले गेली. पुण्याच्या मॅडमले तीन दिवस लागले, मामा, अन् तरी मले ते आलं नाही. शकुनची माफी मागतली तेव्हा हे तिले सांगतलं. सगळ्यांत पहिले तिलेच सांगतलं. तीच म्हणे, मंग त्या मामालेच लिहा न ताई.

ता. क. तिसरा. हे पत्र शकुननं वाचलं. तिच्या परवानगीबिगर आता एक अक्षर पण बाहेर जात नाही. (शिकली मी, उशिरा का होईना.) तिनं दोन ओळी खोडल्या. मिशा राहू द्या म्हणे. खालचं अक्षर तिचं.

मामाजींले नमस्कार. रागिणीताई ऐकत काही नाही, बोलतच राहते. पण उठून जात नाही. तुमी काही बोलू नका असं तिनं लिहिलं आहे, तरी बाबाजवळ माझं एक वाक्य बोला. शनिवारी या म्हणा, मी स्टँडवर वाट पाहते. पेटी आणाची असली तं भरून आणा.
– शकुन