बाबांच्या हातातली मेणबत्ती

निडरबाख,
संत मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, १५२७

प्रिय वेंडेलिनदादा,

देवाची कृपा तुझ्यावर आणि वहिनीवर असो. मी बरी आहे. कोबी खारवून झाला. माझ्या शाळेत मुली वाढल्यात. धाकट्या दोघी आता शुभवर्तमान आपल्या जर्मनमधून वाचतात, अडखळत का होईना.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी तुला शाप देत प्राण सोडला, असं मठातले तुझे जुने सोबती सांगत फिरतात. म्हणून बाबा तुझ्या नव्या शिकवणीत शांतपणे गेले असं मी लिहून द्यावं आणि तू ते तुझ्या प्रवचनांच्या पुस्तकात छापावंस, ही तुझी इच्छा समजली.

बाबांनी शाप दिला नाही.

तू मठ सोडून घरी आलास तेव्हा त्यांनी तुला आपला कोट दिला आणि काही विचारलं नाही. पुढे तुझं पुस्तक वाचून नगरसभेनं चर्चमधल्या मेणबत्त्या बंद केल्या. आपली मेणाची कढई थंड पडली. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "मेण विकून पोराला शिकवलं, शिकून त्यानं मेणच बंद केलं." आणि हसायचे. मग चरबीच्या मेणबत्त्या करायला लागले. त्या वासापायी मात्र तुला नावं ठेवायचे.

आजारपणात त्यांनी पाद्री मागितला नाही. मी स्तोत्रं वाचायचे, ते ऐकायचे. शेवटच्या सकाळी म्हणाले, "ओटिलिए, मेणबत्ती दे."

मी चरबीची लावली.

"ही नको गं. आशीर्वादाची. मरताना धरायची."

"बाबा, ख्रिस्त पुरेसा आहे."

"आहेच की. मी कुठं नाही म्हणतोय? हात रिकामे आहेत, एवढंच."

घरात तसली एकही नव्हती. शेजारच्या अपोलोनियाकाकूंकडे गेले.

"उपदेशकाची बहीण माझ्या दारात? भावाला विचारलंस का?"

"बाबा चाललेत, काकू."

त्यांनी पिठाच्या पिंपात हात घालून लपवलेली मेणबत्ती काढली, एप्रनला पुसून दिली. "तुझ्या बापानंच ओतलेली आहे," म्हणाल्या.

बाबांची बोटं मिटत नव्हती. मी त्यांच्या हाताभोवती माझा हात धरला. मेण मनगटावर ओघळलं. ते गेल्यावर मी ती फुंकली.

तुझं म्हणणं मला आजही पटतं. मेणबत्तीनं कुणी तरत नाही, मुलींना मी तेच शिकवते. पण आपल्या घरातल्या बायकांत लिहायला शिकलेली मी पहिली. माझं पहिलं छापलेलं पान खोटं असावं, हे मला नको. नगरसभेला मेणबत्तीचं कळलं तर शाळा जाईल. तुझी बहीण म्हणूनच ती मला मिळाली आहे. ते मी धरून चालले आहे.

छापायचं तर मेणबत्तीसकट छाप. नाही तर माझ्या नावानं काहीच छापू नकोस.

मेणबत्तीवाले फाइट ब्रेनर यांची मुलगी, आणि तुझीही बहीण,
ओटिलिए