तोझूर ते महदिया, एकटीनं

प्रिय मोंजिया,

थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझा, हनियाचा सलाम, आणि दोन्ही गालांवर दोन दोन मुके (आत्ता घ्यायचे नसतील तर बाजूला ठेव, खराब होत नाहीत). तुझे गुडघे कसे आहेत? बशीरची साखर आटोक्यात आहे ना? अल्ला तुम्हा सगळ्यांना बरं ठेवो. आमच्याकडे तोझूरला यंदा खजूर चांगला उतरला. पत्र कुठून लिहितेय ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायची नाहीस.

अकरा वर्षं तू माझा फोन घेत नाहीस. तुझ्या सिहेमच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, कुसकुस खारट झालंय असं मी म्हणाले, एवढंच. (ते खारटच होतं. पण तो विषय मी काढणार नाही.) सालाह गेल्यापासून घरात बोलायला भिंती आहेत, आणि त्यांच्याशी बोलून झालं की तुझीच आठवण येते. म्हणून ठरवलं, महदियाला जायचं, मोंजियाची माफी मागायची, आणि एकटीनं जायचं. चार माणसांत बोलले होते खरं, पण चार माणसांत माफी मागणं माझ्यानं होणार नाही. तू तर मला ओळखतेसच.

एकसष्ट वर्षांत मी एकटी कुठंही गेलेली नाही. आधी वडील, मग सालाह, मग नजीब. या नजीबला, माझ्या लेकाला, तीन आठवडे पटवलं. शेवटी तो अड्ड्यावर सोडायला आला, मला वडापच्या गाडीत पुढं बसवलं आणि जाता जाता अम्मार ड्रायव्हरला म्हणाला, "ही माझी आई. अमानत आहे." झालं. तिथंच माझा एकटीचा प्रवास संपला. तुला ठाऊकच आहे, हा शब्द एकदा उच्चारला की माणसाला हातातून हातात द्यावं लागतं, खाली ठेवता येत नाही. गफ्साला मी मोरीत गेले तर अम्मार बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय, "थांबा, आत आमची मावशी आहे." अख्ख्या अड्ड्याला कळलं की मी कुठं आहे.

तिथं त्यानं मला लसाद नावाच्या ड्रायव्हरच्या हवाली केलं, वर सूचना, "मावशीला उन्हाची बाजू देऊ नको, तिला गाडी लागते. आणि बहिणीशी भांडण आहे, त्याबद्दल विचारू नको." (मी अम्मारला जेमतेम दोन वाक्यं सांगितली होती. बरं, दहा.) मग काय, गाडी सुरू होते न होते तोच आठच्या आठ जणांनी विचारलं. माझ्या मागं स्फाक्सची दलंदा नावाची बाई होती. तिनं मला दोन उकडलेली अंडी सोलून दिली, आणि अंडी खाल्ल्यावर गप्प कसं बसणार? सगळं सांगितलं. लगेच गाडीत दोन तट पडले. एक निवृत्त मास्तर म्हणाले की मिठाची जबाबदारी रश्श्याची असते, दाण्यांची नव्हे. लसादनं तर गाडी बाजूला घेतली. "मावशी, खरं सांगा, जेवताना पाणी किती वेळा प्यायलात?"

एकदा, मी म्हणाले.

"मग खारट नव्हतं," म्हणाला, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. अशा माणसाच्या हाती लोक आपल्या आया सोपवतात. स्फाक्सपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

दलंदा मात्र कुठल्याच तटात गेली नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ताई, लग्नाच्या कुसकुसासाठी रव्याचे दाणे वळायला तुम्हाला बोलावलं होतं का?" मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर जैतुनाची झाडं होती, ती मोजली.

स्फाक्सला ती घरी न जाता मला तिसऱ्या वडापपर्यंत घेऊन आली आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात देऊन, माझी सगळी हकीकत सांगूनच गेली. हा बाबा महदियाच्या अड्ड्यावर थांबलाच नाही. माणूस दारापर्यंत पोचवायचा म्हणाला. बाकीच्या सातांपैकी एकानंही तक्रार केली नाही. पुढं काय होतं ते बघितल्याशिवाय त्यांना उतरायचंच नव्हतं. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते आणि मागून सूचना येत होत्या, "आधी मिठी मारा, मग बोला."

तर मोंजिया, चार माणसं टाळायला निघालेली मी, माझी माफी आता अर्ध्या देशाला पाठ आहे. फक्त तुलाच अजून कळायची आहे. बशीरला सलाम, सिहेमच्या पोरांना माझे मुके.

तुझी,
हनिया

ता. क. तुझ्यासाठी आणलेल्या खजुरांच्या पिशवीत मिरचीच्या हरिशाची बरणी फुटली. खजूर तिखट लागले तर घाबरू नकोस.

ता. क. २. परवा दुपारी आम्ही नऊजण तुझ्या दारात उभे होतो. कुलूप होतं, तू हम्मामला गेली होतीस. कुलपापाशी अमानत ठेवता येत नाही, म्हणून म्हाताऱ्यानं माझा हात तुझ्या शेजारणीच्या, हयातच्या, हातात दिला. तेव्हापासून मी तिच्याकडेच आहे, तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं. आज सकाळी तू सब्ज्याच्या कुंडीला पाणी घालताना दिसलीस. उठताना कमरेला हात लावतेस, अगदी आईसारखा. मी हाक मारणार होते. हे पत्र हयातच घेऊन येईल.

ता. क. ३. पाणी खरंच एकदाच प्यायले होते. कुसकुस छान होतं. साऱ्या गल्लीतल्या बायकांना वळायला बोलावलंस आणि मला, आईनंतर तुला वळायला शिकवलं त्या मला, नुसतं जेवायला. तेच मला लागलं. उद्या तू वर्षाचं कुसकुस वळायला बायका बोलावल्या आहेस असं हयात सांगत होती. एक जागा माझ्यासाठी ठेवशील का?

तुझं दार इथून चौदा पावलांवर आहे. तेवढं एकटीनं जमत नाहीये गं. न्यायला ये.