ह्यांच्या सायकलची हवा

३ जुलै १९९४, रविवार

आज परत सायकल पुसली. रोह्याला कंपनीत जाताना हे एवढंच सांगून गेले — आठवड्याला पूस, साखळीला तेल घाल, हवा बघत जा. मला संभाळा असं मात्र कुणाला सांगितलं नाही! शिमग्यानंतर घरी फिरकले नाहीत. घरच्या गणपतीच्या मूर्तींच्या कामाला यापुढे हात लावणार नाही, असं दाजींना — जन्मदात्या बापाला! — तोंडावर बोलून गेले. तेव्हापासून दाजींनी मुलाचं नाव घेणंच सोडलं. मधल्यामधे मी.

१० जुलै

साखळी पांढरीफटक! तेल मीच ओतलं होतं भरपूर. सायकल उभी आमच्या कारखान्यात, मूर्ती घासतात तिथेच. सगळी भुकटी साखळीवर बसली. नाक्यावरच्या सायकलवाल्या कान्हूला दाखवली तर हसला. "थेंब थेंब घाल गो, वरचं पुसून टाक. तेलच धूळ धरतं." रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन बसले. नखं काळी झाली. ह्यांच्या हातांना असाच वास यायचा. किती वेळ हात धुतले नाहीत.

२४ जुलै

पुसली.

७ ऑगस्ट

मूर्ती रंगून झाल्या, डोळे राहिले. डोळ्यांची आखणी दर वर्षी हेच करायचे. आज दाजींनी ब्रश धरला. रेघ वाकडी गेली, पुसून टाकली. मी म्हटलं, निरोप धाडू का रोह्याला? ब्रश ठेवून उठून गेले. रात्री मला जेवण गेलं नाही.

या ना हो आता. डोळ्यांसाठी नका येऊ. माझ्यासाठी या.

२१ ऑगस्ट

पुसताना टायर दाबला. टणक! आणि हवा तर मी एकदाही भरली नाही, विसरूनच गेले होते. कान्हूला विचारलं, उभ्या सायकलची हवा इतके दिवस टिकते?

"टिकते कसली! दाजी नेतात ना पंप. तुला सांगू नको बोललेत."

घरी येऊन दाजींना चहा दिला.

२२ ऑगस्ट

सकाळी सायकल जागेवर नाही, दाजीही नाहीत. कान्हू सांगत आला — जिते स्टेशनात सायकल लावून दाजी रोह्याच्या गाडीत चढले. निघण्याआधी त्याच्याकडून मागचं कॅरियर आवळून घेतलं. येताना दोघं असू, म्हणाले.