नीरफणसाची कापं

प्रिय आई,

तुझ्या राणीचा डिचोलीहून, रव्यानं माखलेल्या हातानं नमस्कार. फोनवर आवाजावरूनच तू माझं मन लगेच ओळखतेस, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

आधी चांगली बातमी. धाकटी तनू जेवली! इथं आल्यापासून दूध-बिस्किटावरच होती, तुला ठाऊकच आहे.

शेजारच्या सुविधाबायनी परसातला नीरफणस दिला होता. दिसायला हिरवा, लहान फणसच. मी आपलं त्याला पोत्यात गुंडाळून पिकत घातलं आणि रोज वास घेत बसले. शेवटी लगदा झाला. सुविधाबाय पोट धरून हसल्या. "अगो, हो पिकवन खायनात!" म्हणत दुसरा, कच्चा घेऊन आल्या.

त्याची साल काढून पातळ कापं करायची, मीठ-तिखट लावून रव्यात घोळवायची आणि तव्यावर खोबरेल तेलात भाजायची. तिखटाच्या जागी मी तू पाठवलेली कांदा-लसूण चटणी लावली. तनू वासानंच ओट्यापाशी आली. "आजीनं केलंय?" म्हणाली आणि ताट पुढं केलं. मोठ्या शंभूच्या वाटणीचीही तिनंच खाल्ली, मग त्यानं भोकाड पसरलं.

ह्यांची रात्रपाळी अजून सुटली नाही, पावसानं कपडेही वाळत नाहीत, पण चाललंय. तुझा गुडघा कसा आहे? दादाची म्हैस व्याली का?

तनूला काही महिने गावी न्यायला तू येणार होतीस ना? ये. चटणीचा मोठा डबा घेऊन ये. परतीचं तिकीट मात्र एकटीचंच काढ.

तुझी लेक,
राणी