उंचवट्यावरची सात झाडं

सोम. ३ मार्च १९९७
आधी चूक दुरुस्त करते. ११ फेब्रु.च्या पानावर मी लिहिलंय, 'ढगांनी मोहोर जाळला.' ते खरं नाही. ढग दोन दिवस होते, पण मोहोर पाण्याने गळला आणि पाणी मी सोडलं होतं. पान फाडलं नाही. आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.

बाबा लग्नाला डिंडोलीला, आमच्या जुन्या वस्तीत गेले होते. जाताना म्हणाले, "पाण्याकडे लक्ष ठेव." आम्ही मूळचे रावेरकडचे, केळीत राबलेले. ऊन वाढलं की पाणी, एवढंच आमच्या घराला ठाऊक. ऊन वाढलं. मी कालव्याचं पाणी दोन दिवस आंब्यांत फिरवलं. आठवडाभरात झाडांखाली मोहोराचा सडा.

काल शेजारच्या कांताबेन कुंपणापाशी बोलता बोलता म्हणाल्या, "मोर आवे त्यारे आंबाने पाणी ना अपाय, बेन." मोहोर असताना आंब्याला पाणी द्यायचं नसतं, हे मला काल कळलं.

मंगळ. ४ मार्च
सकाळी सगळी झाडं पाहिली. मागच्या उंचवट्यावरची सात लगडली आहेत, कैऱ्या गोटीएवढ्या. तिथे पाटाचं पाणी चढत नाही. ढग काय त्या सातांना वगळून गेले?
खालच्या झाडांवर फांदीला दोन-चार. पण आहेत. आता फळ धरल्यावर त्यांना पाणी हवं, हेही कांताबेनकडून कळलं.

गुरु. ६ मार्च
पुन्हा आभाळ. वारा. बाबा ओट्यावर बसून वर बघतात. "हवा बिघडली. ही बाग आपल्याला लाभायची नाही."
सातांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "ती दैवाची."
दैवाची नाहीत. कोरडी राहिली म्हणून.

रवि. ९ मार्च
जयंतीभाई व्यापारी आले. तीन वर्षांसाठी बाग मागतात. कैऱ्या कोवळ्याच झोडपून नेतात ते, गेल्या साली कांताबेनच्या झाडांच्या फांद्या मोडल्या. बाग दिली की बाबा परत कारखान्यात यंत्रमागावर जाणार, आम्ही डिंडोलीच्या खोलीत. मागावर होते तेव्हा खडखडाटाने कान बसलेले, बाबांना हाक तीनदा मारावी लागायची. इथे आल्यापासून दोनदा पुरते.
मी म्हटलं, खालच्या झाडांवर अजून फळ आहे, थांबू या. जयंतीभाई हसून बाबांना, "छोकरी भणेली छे. रेडियो पर हवामान बोलवा मूको." शिकलेली पोर, रेडिओवर हवामान सांगायला बसवा, म्हणे.
बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बारावीपर्यंत शिकलेली आहे ती. आमच्या घरात पहिली. बाग तिच्याच भरवशावर टाकून गेलो होतो."
पाणी मी सोडलं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चहा दिला.
येत्या रविवारी नारळ घेऊन येणार. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी फुटला की बोलणं पक्कं.

मंगळ. ११ मार्च
आईला सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकलं तिने. "आते नको बोलू. बाप उभा मोडी जाई." मग थोड्या वेळाने, "अन् तू काय लिखस व माय रोज रोज?"
हेच, म्हटलं.
आई चुकते आहे. ते मोडलेत ते आभाळाला घाबरून. आभाळाचा दोष नाही कळलं तर उभे राहतील.

शुक्र. १४ मार्च
रात्रभर वारा होता. सकाळी उठल्याबरोबर मागे धावले. सात तशीच, ती कोरड्याला सरावलेली. खालच्या झाडांखाली सतरा कैऱ्या पडलेल्या, देठ सुकलेले. ही वाऱ्याची पडझड नाही, तहानेची आहे. (थोडी वाऱ्याचीही असेल. नक्की माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते.)
बाबांनी विचारलं, "पडल्या?" सतराच्या सतरा समोर ठेवल्या. त्यांनी एक उचलून हुंगली आणि परत ठेवली.
कालव्याच्या पाण्याची आमची पाळी उद्या, सकाळी सहाला. बाबा म्हणाले, "राहू दे पाळी. देऊन टाकायच्या बागेला कशाला पाणी."
फावडं आजच घासून दाराशी ठेवलंय. आईने पाहिलं. उचलून आत नेलं नाही.
आधी सांगणार, मग पाट फोडणार. न सांगता पाणी सोडणं एकदा झालं, पुन्हा नाही. बाबांना आधी उंचवट्यावर नेईन आणि सातांखाली उभं करून सांगेन. काय म्हणतील ते म्हणोत, फावडं माझ्या हातात असेल. नारळ परवा आहे.
उद्या, शनिवार, १५ मार्च. सहाच्या आधी.